थंडीतील कारागिरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात बांधकाम, नळजोडणी, वायरिंग, रंगकाम आणि वेल्डिंग करणाऱ्या वाचकांना हिवाळ्यातील कामाच्या अडचणी कळवण्याची विनंती केली होती. आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली : कडाक्याच्या थंडीत काम मागे पडते आणि त्याचा दोष कारागिराच्या माथी मारला जातो. हा दोष बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. सिमेंट, रंग, बॅटरी आणि माणसाची बोटे या साऱ्यांचाच वेग थंडीने मंदावतो, आणि हा जास्तीचा वेळ वेळापत्रकात धरलाच नाही, तर तो कामाच्या टिकाऊपणातून किंवा कारागिराच्या शरीरातून वसूल होतो. पुढील उत्तरे याच भूमिकेतून लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे सध्या रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि दिवसाही तो ६-७ अंशांच्या वर जात नाही. याच दिवसांत स्लॅब ओतायचा आहे. मुकादम म्हणतात की मालात कॅल्शियम क्लोराईड टाकले की काँक्रीट गोठत नाही. हे खरे आहे का? – एक गवंडी

उत्तर : हे खरे नाही, आणि लोखंडी सळया असलेल्या स्लॅबमध्ये ते धोक्याचेही आहे. कॅल्शियम क्लोराईडमुळे सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेचा वेग वाढतो, माल लवकर आवळतो. पण नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रमाणात ते पाण्याला गोठण्यापासून वाचवत नाही. शिवाय त्यातील क्लोराईड सळयांना गंज चढवते, आणि गंजलेली सळई फुगून काही वर्षांनी स्लॅबचा पापुद्रा सोडवते. वेग वाढवायचाच असेल, तर क्लोराईडविरहित मिश्रके मिळतात. ती उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेतच वापरावीत.

थंडीत काँक्रीटला दोन वेगवेगळे धोके असतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला धोका मंदपणाचा. तापमान उतरेल तसा माल आवळायला उशीर होतो. २० अंशांना जे काम सहा-सात तासांत घट्ट होते, त्याला ५ अंशांच्या आसपास त्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. हे गैरसोयीचे असले, तरी त्याने नुकसान होत नाही, उलट सावकाश घट्ट झालेले काँक्रीट पुढे चांगली ताकद धरते. दुसरा धोका गोठण्याचा, आणि तो मात्र अक्षम्य आहे. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. माल अजून कोवळा असताना ही वाढ आतूनच त्याची घडण मोडते, आणि मग पुढे कितीही ऊब दिली तरी त्याची अंतिम ताकद निम्म्यापर्यंत घटलेली राहू शकते. काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद सुमारे ३.५ मेगापास्कल झाली की ते एखाद्या वेळच्या गोठण्यातून तगते. योग्य प्रमाणात बनवलेला माल १० अंशांवर राखला, तर ही पातळी साधारणपणे दोन दिवसांत येते. म्हणून पहिले ४८ तास ही तुमची खरी परीक्षा समजावी.

माल उबदार ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कालवण्याचे पाणी तापवणे, कारण तेवढ्याच वजनाच्या खडी-सिमेंटच्या तुलनेत पाणी चारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवते. मात्र कढत पाणी थेट सिमेंटवर ओतू नये. त्याने गोळे होतात आणि माल अवेळी आवळतो. आधी खडी-वाळू आणि पाणी एकत्र फिरवावे, त्यांचे तापमान समतोल झाले की मग सिमेंट घालावे. खडीत बर्फाचे ढेकूळ राहता कामा नये. सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या साच्याच्या) फळ्यांवरचा आणि सळयांवरचा बर्फ खरवडून काढावा. तो वितळेल या भरवशावर वरून माल टाकू नये. हीच गोष्ट जमिनीची. गोठलेल्या जमिनीवर ओतलेली फरशी ऋतू बदलल्यावर खाली बसते, आणि तेव्हा ती दुरुस्त करणे म्हणजे ती फोडणे असते. माल जड वाटतो म्हणून वरून पाणी घालण्याची सवय उन्हाळ्यात वाईट असते, थंडीत ती घातक ठरते.

ओतून झाल्यावर लगेच प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर उष्णतारोधक आच्छादन टाकावे. कडा आणि कोपरे सर्वांत आधी गार पडतात, त्यामुळे तिथे आच्छादन दुहेरी असावे. गोठणाऱ्या हवेत उघड्यावर पाणी मारून क्युरिंग करू नये, म्हणजे काँक्रीट ओले राखू नये; झाकलेल्या पृष्ठभागातला ओलावा थंडीत फारसा उडत नाही, तोच पुरतो. सेंट्रिंग काढण्याचा निर्णय दिवस मोजून घेऊ नये. चाचणीचे ठोकळे स्लॅबशेजारी, त्याच थंडीत ठेवलेले असतील तरच त्यांचा निकाल स्लॅबबद्दल खरे सांगतो. उबदार खोलीतला ठोकळा फक्त स्वतःबद्दल सांगतो. आच्छादनही एका झटक्यात काढू नये, कारण उबदार पृष्ठभागावर अचानक थंड हवा आली की तडे जातात.

शेवटचा मुद्दा शेगड्या आणि हीटरचा. बंदिस्त केलेल्या जागेत धूर आतच सोडणारा हीटर लावला, तर त्यातील कार्बन डायऑक्साईड ताज्या काँक्रीटचा वरचा थर कमकुवत करतो आणि पुढे त्या फरशीतून पांढरी भुकटी निघत राहते. त्याहून गंभीर म्हणजे त्याच धुरातला कार्बन मोनॉक्साईड. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि रात्री आच्छादनाखाली राखण करणारा माणूस झोपेतच दगावू शकतो. धूर बाहेर नेणारा हीटरच वापरावा, आणि जनरेटर कधीही आत ठेवू नये.

प्रश्न : थंडीत विटा भिजवून लावाव्यात की कोरड्या? – दुसरे एक गवंडी

उत्तर : गोठणाऱ्या हवामानात विटा पाण्यात बुडवून ठेवू नयेत. वीट फारच पाणी शोषणारी असेल, तर लावण्याच्या क्षणी कोमट पाण्याचा हलका हबका पुरतो. विटांचा ढीग रात्री झाकावा, बर्फ धरलेली वीट ओळीत घेऊ नये, आणि दिवस संपताना ताडपत्री दोन्ही बाजूंनी खाली येईल अशा बेताने तिने भिंतीचा माथा झाकावा.

प्रश्न : मी काँक्रीट फोडण्याचे ब्रेकर चालवतो. मागच्या हिवाळ्यापासून सकाळी काम सुरू केले की दोन बोटांची टोके पांढरीफटक पडतात, मग बधिर होतात, आणि ऊब मिळाल्यावर त्यांत कळा येतात. सोबतचे लोक म्हणतात की थंडीत हे सगळ्यांनाच होते. दुर्लक्ष करावे का? – एक ब्रेकर चालक

उत्तर : अजिबात दुर्लक्ष करू नये. या पत्रातले वर्णन हात-बाहू कंपन विकाराशी (कंप पावणारी यंत्रे दीर्घकाळ धरल्याने हातांना होणाऱ्या इजेशी) इतके जुळते की आपण लवकरात लवकर डॉक्टरांकडे जावे, असा आमचा आग्रह आहे. तिथे केवळ बोटांची तक्रार सांगून थांबू नये. कोणते यंत्र रोज किती तास आणि किती वर्षांपासून चालवता, हेही सांगावे. ही माहिती मिळाली नाही, तर निदान चुकण्याची शक्यता राहते.

हा विकार नवा नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड घडवणारे कारागीर हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरत असत. त्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात, अशा तक्रारी आल्यावर डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली, ऐन हिवाळ्यात, तिथे जाऊन पाहणी केली. हत्याराचे कंपन, ते घट्ट धरून ठेवण्याचा ताण आणि थंडी ही तिन्ही कारणे त्यांनी तेव्हाच नोंदवली. थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात हे प्रत्येकाच्या बाबतीत खरे आहे. पण निरोगी माणसाची बोटे अशी स्पष्ट सीमारेषा उमटावी इतकी पांढरी पडत नाहीत. कंपनाने रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आधीच दुखावलेले असतात, आणि थंडी ते उघड करते. म्हणूनच ‘सगळ्यांना होते’ या वाक्यावर आपण विसंबू नये. सगळ्यांना होत असेल, तर त्याचा अर्थ सगळ्यांनाच इजा होत आहे इतकाच आहे.

सुरुवातीच्या टप्प्यात कंपनापासून दूर राहिल्यास त्रास वाढत नाही, काहींचा कमीही होतो. मज्जातंतूंची इजा पुढे गेली की मात्र ती भरून येत नाही. मग शर्टाचे बटण लावणे, जमिनीवरचा खिळा उचलणे अशी कामे कायमची अवघड होतात. यंत्र हाती घेण्याआधी हात आणि संपूर्ण शरीर गरम करावे, कारण छातीपोट गार असेल तर शरीर बोटांकडचे रक्त आधी आवरते. हातमोजे कोरडे असावेत आणि दुसरी जोडी जवळ ठेवावी. यंत्रावर अंगाचा भार टाकून ते आवळून धरू नये, पात्याला त्याचे काम करू द्यावे, आणि बोथट पाते वेळीच बदलावे. हवेवर चालणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारी हवा प्रसरण पावताना थंड होते. तिचा झोत हातावर येत असेल तर तो वळवून घ्यावा. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. ‘कंपनरोधक’ म्हणून विकले जाणारे हातमोजे ब्रेकरसारख्या जड यंत्रांच्या कंपनापुढे फारसे टिकत नाहीत. त्यांचा उपयोग मुख्यतः उबेपुरता समजावा.

आणि तरीही खरा उपाय यंत्रावरचे तास कमी करणे हाच आहे. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीने हाताला पोहोचणारे कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाले की मालकाने उपाय सुरू करायचे असतात, आणि ५ ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे. जड ब्रेकर ही मर्यादा दिवस संपण्याच्या बऱ्याच आधी गाठू शकतो. त्यामुळे एकाच माणसाने दिवसभर ब्रेकर धरण्याऐवजी पाळी लावणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती मागताना संकोच करू नये.

प्रश्न : हातमोजे घातले तर बारीक स्क्रू धरता येत नाहीत, काढले तर बोटे ऐकत नाहीत. शिवाय ड्रिलच्या बॅटऱ्या अर्ध्या दिवसात उतरतात. – एक वायरमन

उत्तर : बोटांच्या त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांच्या खाली गेले की हातांची चपळता ठळकपणे घटते, आणि आणखी खाली गेल्यावर स्पर्शाची जाणीवच हरपते. म्हणून उपाय हातमोज्यांपेक्षा कामाच्या मांडणीत शोधावा. वायर सोलणे, लग (वायरच्या टोकाला बसवायचे धातूचे टोपण) बसवणे, खुणा लावणे, बोर्डाची आतली जोडणी करणे अशी जितकी कामे उबदार खोलीत उरकता येतील, तितकी तिथेच उरकून गार जागेत फक्त बसवणी ठेवावी. तिथे आत पातळ बोटांचा मोजा आणि वरून सहज निघणारा जाड मोजा अशी जोडी बरी पडते. जाड मोजा काढला तरी उघडी त्वचा थंड धातूला लागत नाही.

पीव्हीसी आवरणाची केबल शून्याखाली ठिसूळ होते. अशा वेळी ती वाकवली किंवा ओढली, तर आवरणाला नजरेस न पडणारी चीर जाते आणि दोष पुढे कधीतरी उघडा पडतो. केबलचे बंडल आदल्या दिवशीच उबदार जागी आणून ठेवावे. लिथियम बॅटरी थंडीत कमी ऊर्जा देते, पण हे तात्पुरते असते. ऊब मिळाली की तिची क्षमता परत येते. मात्र शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करू नये. त्या स्थितीत आत धातुरूप लिथियमचा थर साचतो, बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि आतल्या आत शॉर्टसर्किटचा धोका निर्माण होतो. एक बॅटरी यंत्रात आणि एक कोटाच्या आतल्या खिशात, अशी अदलाबदल ठेवावी.

प्रश्न : गोठलेली पाइपलाइन मोकळी करताना पाइप हमखास फुटतो. आणि गार इमारतीत नव्या लाइनची चाचणी पाण्याऐवजी हवेने घ्यावी का? – एक नळ कारागीर

उत्तर : पाइप बर्फ धरलेल्या जागीच फुटतो असे नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब बर्फ वाढेल तसा प्रचंड वाढत जातो आणि त्या पट्ट्यातील कमकुवत जागा तुटते. म्हणून सर्वप्रथम नळ उघडावा. मग नळाच्या बाजूने सुरुवात करून बोळ्याकडे सरकत ऊब द्यावी, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते. गरम पाण्याने भिजवलेली फडकी किंवा केस वाळवण्याचे यंत्र पुरते. गॅसची ज्योत लावू नये; तिने भिंतीतले लाकूड पेटते किंवा कोंडलेल्या पाण्याची वाफ होऊन पाइप हातातच फुटतो. मुख्य झडप कुठे आहे हे आधी पाहून ठेवावे, कारण पाइपला चीर गेली आहे की नाही हे बर्फ वितळल्यावरच कळते.

प्लॅस्टिकच्या लाइनची चाचणी दाबाखालच्या हवेने घेऊ नये. हवेत साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते, आणि थंडीने ठिसूळ झालेल्या पीव्हीसीचे तुकडे अंगावर येतात. पाण्यानेच चाचणी घ्यावी आणि ती संपताच सर्वांत खालच्या टोकातून लाइन पूर्ण रिकामी करावी. सांधा जोडण्याचे सोल्युशन थंडीत सावकाश पकडते, म्हणून डब्यावर त्या तापमानासाठी दिलेला वेळ पाळावा. डबा खोलीत उबदार ठेवावा, पण जाळावर धरू नये. ते द्रावण लगेच पेट घेते.

प्रश्न : बाहेरच्या रंगकामासाठी किमान तापमान किती हवे? – एक रंगारी

उत्तर : पाण्यावर आधारलेल्या बहुतेक रंगांसाठी सुमारे १० अंश. काही रंग त्याहून कमी तापमानासाठी बनवलेले असतात. डब्यावरचा आकडा प्रमाण मानावा. मोजमाप हवेचे न करता भिंतीचे करावे, आणि धातूवर रंग देताना पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचे दव होते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी उबदार असावा, नाहीतर न दिसणाऱ्या दवावर रंग चढतो आणि पुढे सुटतो. हिवाळ्यात शेवटचा हात दुपारीच संपवावा.

प्रश्न : शून्याखालच्या हवेत वेल्डिंग चालते का? – एक वेल्डर

उत्तर : चालते, पण तयारीनिशी. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या पोलादी बांधकामाच्या संहितेनुसार वेल्डिंगच्या जागेजवळचे तापमान उणे २० अंशांच्या खाली असेल, तर काम थांबवायचे असते. आणि मूळ पोलाद शून्याखाली असेल, तर ते आधी किमान २० अंशांपर्यंत तापवायचे असते. गार पोलादावर सांधा झपाट्याने थंड होतो आणि ओलाव्यातून आलेला हायड्रोजन आत अडकून तडे जातात. हे तडे कित्येक तासांनीही उघडतात. कमी हायड्रोजनचे इलेक्ट्रोड तापत्या पेटीतूनच काढावेत.

प्रश्न : माझे यजमान परांचीवर काम करतात. परवा त्यांच्या एका सहकाऱ्याला सगळ्यांनी आधार देऊन खाली आणले. आधी तो खूप थरथरत होता, नंतर थरथर थांबली म्हणून सर्वांना बरे वाटले. पण त्याचे बोलणे अडखळत होते. अशा वेळी काय करावे? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, थरथर थांबणे हे तिथे सुधारणेचे नव्हे, तर बिघाडाचे लक्षण होते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी थरथर, मग हातून वस्तू निसटणे, पाय अडखळणे, जीभ जड होणे, आणि त्यानंतर थरथरण्याचेही त्राण उरत नाही. अशा माणसाला स्वतःच्या स्थितीची जाणीव नसते. ‘मी ठीक आहे’ या त्याच्या म्हणण्यावर विसंबू नये. तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी, त्याला आडोशाला आडवे करावे, ओले कपडे काढून कोरडे पांघरूण घालावे आणि छाती-पोटाला आधी ऊब द्यावी. हातपाय चोळू नयेत, गदागदा हलवू नये. गार पडलेल्या हृदयाची लय धक्क्याने बिघडू शकते. पूर्ण शुद्धीवर असेल तरच कोमट गोड पेय द्यावे. दारू मुळीच देऊ नये, कारण तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलेली उष्णताही निघून जाते.

बोटे किंवा कान हिमदंशाने पांढरे, कडक झाले असतील, तर त्यांवर बर्फ चोळण्याचा जुना सल्ला पाळू नये. १८१२ साली रशियातून माघारी फिरलेल्या नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी शेकोटीने भाजून चिघळलेले हिमदंश पाहून तो दिला होता, आणि तो विसाव्या शतकापर्यंत टिकला. आता ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात तो भाग बुडवून ठेवण्यास सांगतात. पण तेही, तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच.

परांचीवर वारा जास्त असतो हे यजमानांना सांगावे. हवा उणे १० अंशांची आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल, तर उघड्या त्वचेला ती उणे २० अंशांसारखी लागते. जड काम सुरू करण्याआधी एक थर उतरवावा, म्हणजे कपडे घामाने भिजत नाहीत. अंगालगतचा कपडा सुती नसावा, कारण सूत ओलावा धरून ठेवते आणि लोकर ओली असतानाही थोडी ऊब देते. एकट्याने काम करू नये, आणि रोज सकाळी फळ्यांवरचा व शिडीच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढल्याखेरीज कोणी वर चढू नये.

प्रश्न : मी चार माणसांना घेऊन छोटी कामे अंगावर घेतो. थंडीमुळे बंद राहिलेल्या दिवसांची मजुरी कोणी सोसायची, यावरून दरवर्षी वाद होतो. – एक ठेकेदार

उत्तर : हा वाद काम सुरू होण्याआधी कागदावर मिटवावा. ‘हवामान खराब असल्यास’ असे मोघम लिहू नये. किती अंशांखाली कोणते काम थांबेल, आच्छादन, हीटर आणि इंधन यांचा खर्च कोणाचा, आणि बंद दिवसांत मुदत किती वाढेल, हे प्रत्येक कामापुढे वेगळे लिहावे. प्रकाशाचाही हिशेब धरावा. पन्नास अंश अक्षांशावर डिसेंबरात सूर्य सुमारे ८ तासच वर असतो. त्यात सकाळचा बर्फ काढणे आणि संध्याकाळची झाकपाक वजा केल्यावर उरणारे तास हेच खरे कामाचे तास.

मजुरीचा सर्व बोजा एकट्या मजुरावर टाकणे आम्हाला मान्य नाही. काही देशांनी यावर सामूहिक तोड काढली आहे. जर्मनीत २००६-०७ च्या हिवाळ्यापासून डिसेंबर ते मार्च या काळात हवामानामुळे किंवा कामाच्या अभावी बांधकाम थांबले, तर बुडालेल्या निव्वळ वेतनाचे ६० टक्के, आणि मूल असणाऱ्या कामगाराला ६७ टक्के, रोजगार विम्यातून मिळतात. कामगाराची नोकरीही टिकून राहते. अशी व्यवस्था नसेल तिथे निदान दरात थंडीच्या दिवसांची तरतूद आधीच धरावी आणि बंद दिवशी आडोशाखालची तयारीची कामे माणसांना द्यावीत.

कामाच्या जागी एक साधा तापमापक सावलीत टांगावा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ असा तीन वेळा आकडा वहीत लिहावा. कोणते काम चालले, कोणते थांबले, हेही त्यापुढे नोंदवावे. नोंदीखाली त्याच दिवशी दोन्ही बाजूंची सही घ्यावी, कारण महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेली वही कोणी मान्य करत नाही.